पाण्यातले रान, झाडावरचा शेंदूर

इंदूर

इंदूरच्या पश्चिमेला, हातोदच्याही पुढे, एक रान आहे. पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत ते पाण्यात उभे असते आणि उन्हाळ्यात चिखलात. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण आधीच सांगायला हवे, की पाहून आल्यावरही ते मला नीट समजलेले नाही.

राज्यांची फेरमांडणी होऊन नागपूरची राजधानी गेली, त्याला फार दिवस झाले नव्हते. आम्ही मुंबई राज्यात आलो होतो आणि कालपर्यंतचा आपला मध्य प्रदेश आता दुसऱ्याचा झाला होता. संपादकांना या नव्या मध्य प्रदेशाविषयी मजकूर हवा होता, मात्र राजकारण सोडून. त्यांनी विषयही दिला. संस्थानी काळात तिथे एक शिकारीचे राखीव तळे होते. संस्थान विलीन झाले, शिकार बंद झाली, पाखरे वाचली. जाऊन पाहा आणि लिहा. बातमी सरळ होती.

ती वाकडी व्हायला इंदूरच्या स्टेशनबाहेर सुरुवात झाली. वसंत जगदाळे मला घ्यायला आला होता. हा त्या भागाचा वनाधिकारी. वय तिशीच्या आत, डेहराडूनला शिकून आलेला, इंदुरातच जन्मलेला. त्याचे घराणे संस्थानच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्याचे मराठी ऐकताना पहिले काही तास कान सावध ठेवावे लागतात, कारण एका वाक्यात तो दोनदा हिंदीत जाऊन परत येतो.

"आधी पोहे खाऊन घ्या भिया," तो म्हणाला. "जंगल कुठं भागून नाही चाललं."

पोह्यांवर शेव, शेवेवर कांदा, आणि त्याच पानात शेजारी गरम जिलबी. आमच्याकडे जिलबी खाणारे लोक आधी पोहे संपवतात. इथे एक घास याचा, एक घास तिचा. मी वही काढली आणि विचारले, शिकार बंद झाल्यावर पाखरे किती वाढली?

"पाखरं वाढली हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या संपादकांनी."

"मग त्यांनाच पुछा ना, कुठं आहेत ती. मीपण शोधून राहिलोय."

मी वही मिटली. वसंतने हात धुता धुता जे सांगितले त्याचा सारांश असा. पूर्वी पावसाळा उतरताना त्या पाण्यातल्या झाडांवर चित्रबलाक, पाणकावळे, बगळे यांची घरटी इतकी असत, की फांद्या पांढऱ्या दिसत. बंदुका थांबल्या आणि पाखरे कमी होत गेली. गेल्या दोन पावसाळ्यांत चित्रबलाकांचे एकही घरटे झालेले नाही. आता येत्या पावसाळ्यातही झाले नाही, तर ते रान राखण्यात अर्थ नाही असे वर ठरत आले आहे. मग बांध फोडायचा, पाणी सोडायचे, झाडे लिलावात काढायची आणि जमीन पेऱ्याला वाटायची.

"म्हणजे शिकार होती तेव्हा पाखरे होती, आणि शिकार नाही तर पाखरे नाहीत?"

"हो."

"का?"

"ते मामासाहेबांच्या समोर विचारा," वसंत म्हणाला. "पण जेवणानंतर. जेवणाच्या आधी ते मला गाली देतात."

हातोदच्या पुढे

हातोदपर्यंत डांबरी रस्ता आहे. पुढे जीप काळ्या मातीतून जाते. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. आमच्या वऱ्हाडासारखीच माती, पण इथे गार वारा जास्त आणि माणसे सकाळी उशिरापर्यंत पांघरूण सोडत नाहीत. मग एक बांध येतो, आणि बांधावर चढले की खाली झाडांचे शेंडे दिसतात. मी पाणी शोधत राहिलो. पाणी त्या झाडांच्या खाली होते.

बांधाच्या टोकाशी शिकारखान्याची जुनी चौकी आहे. तिथे वसंतचे मामा आप्पासाहेब आणि मामी राहतात. आप्पासाहेबांचे वडील संस्थानच्या शिकारखान्याचे दारोगा होते. त्यांच्यामागे आप्पासाहेब. विलीनीकरणानंतर ती जागाच उरली नाही, पण आप्पासाहेब उठले नाहीत आणि त्यांना उठवायला कोणी आले नाही. गावचे लोक अजून त्यांना दारोगाजीच म्हणतात. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, अंगात खाकी कोट.

मामीसाहेबांनी जेवायला मक्याची भाकरी, उडदाची दाळ आणि गराडू वाढले. गराडू हा कोनफळाचा भाऊबंद. तुकडे तळून त्यावर जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरायचा आणि लिंबू पिळायचे. थंडीत अख्खे इंदूर हेच खाते. मी तिसऱ्यांदा घेतले तेव्हा मामीसाहेब म्हणाल्या, "खा, खा. हे दोघं सुरू झाले की घास उतरत नाही कोणाचा."

आणि ते सुरू झाले.

आप्पासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे रान बिघडले ते सरकार आल्यामुळे. वसंतच्या म्हणण्याप्रमाणे रान बिघडले ते त्याला कोणी हात न लावल्यामुळे. मी दोघांची वाक्ये लिहून घेतली. वाचून पाहिली तेव्हा लक्षात आले, की दोघे एकच हकिगत सांगत आहेत.

हकिगत अशी. महाराजांची नाव पाण्यातल्या झाडांमधून जावी म्हणून शिकारखान्याची माणसे दर थंडीत रानात गल्ल्या काढत. एका साली एक पट्टा तोडायचा, पुढल्या साली दुसरा, असे करत काही वर्षांनी पहिल्यावर परत यायचे. तोडलेल्या बुंध्यांना नवे फुटवे येत. गल्ल्यांत ऊन पडे, पाणी खेळते राही, मासे येत. मोठ्या पंखांच्या पाखरांना उतरायला जागा मिळे, म्हणून ती गल्ल्यांच्या काठच्या जुन्या झाडांवर घरटी करत. मग साहेबलोक आणि राजेलोक त्याच गल्ल्यांतून येऊन बंदुका चालवत.

"सकाळभर गोळी चालायची," आप्पासाहेब म्हणाले. "पाण्यावर पिसं तरंगायची. आणि पुढल्या साली पाखरं परत तितकीच. बोला."

बंदूक थांबली त्याबरोबर नावही थांबली, नाव थांबली म्हणून गल्ल्या बुजल्या, आणि गल्ल्या बुजल्या म्हणून पाखरे गेली, असा हिशेब वसंत मांडत होता. म्हणजे ज्यांनी पाखरे मारली त्यांनीच ती राखली, आणि ज्यांनी वाचवली त्यांनी घालवली. हे असे छापता येणार नव्हते.

पाण्यात

दुपारी वसंतने मला डोंग्यातून आत नेले. शिंगाडे काढायला वापरतात तसला अरुंद, डगमगणारा डोंगा. वल्हवायला नानूराम, हा गावातल्या लाकूडतोड्यांचा मुकादम. मागे आप्पासाहेब बसले.

आत शिरताच उजेड गेला. बाभळी, जांभळी, करंज, वाळुंज यांची पातळ, उंच, उजेडासाठी धडपडणारी झाडे एकमेकांना रेटत उभी होती. मधून मधून जुने अर्जुनवृक्ष, त्यांच्या खालच्या फांद्या वाळलेल्या. पाणी काळे आणि निश्चल. पानांचा थर इतका, की वल्हे कधी पाण्यात पडते आणि कधी चिखलात ते कळत नव्हते. हे रान आहे की तळे, हा प्रश्न इंदुरात मी दोन कचेऱ्यांत विचारला होता. एकीने ते पाणी असल्याचे सांगून दुसरीकडे पाठवले, दुसरीने झाडे असल्याचे सांगून पहिलीकडे. आत बसून मला दोघींचीही बाजू पटली.

वर गर्द फांद्यांत रातबगळे झोपले होते. ही पाखरे दिवसा निजतात आणि संध्याकाळी उठतात. पाठ काळी, मान आखडून घेतलेली. तेवढीच काय ती वस्ती.

"हे तर आहेत," मी म्हटले.

"यांना गर्दी आवडते," वसंत म्हणाला. "दुसऱ्या कोणाला नाही."

मग मला पहिला शेंदूर दिसला. एका बाभळीच्या बेचक्यात, पाण्याच्या वर, नारळाएवढा गोटा, शेंदराने थापलेला. पुढच्या झाडावर आणखी एक. डोंगा वळला तिथे डावीकडे, उजवीकडे, जिथे पाहावे तिथे.

"हे काय?"

"भेरूजी," नानूरामने हात जोडून सांगितले. माळव्यात गावोगाव शिवेवर, विहिरीवर, झाडाखाली भेरूजी बसलेले असतात. आपल्याकडच्या म्हसोबासारखे. ते जिथे बसतात तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. पण एका रानात इतके भेरूजी मी कुठे ऐकले नव्हते.

"इतके कसे?"

नानूराम हसला आणि मागे बसलेल्या आप्पासाहेबांकडे बघू लागला. आप्पासाहेब पाण्याकडे बघू लागले.

परत काठावर उतरताना माझा पाय चिखलात गेला आणि बाहेर आला तो बुटाशिवाय. नानूरामने काठीने शोधले, पण बूट मिळाला नाही. "रान ने टैक्स ले लिया भिया," तो म्हणाला. त्यानंतरचे सगळे प्रसंग मी आप्पासाहेबांच्या जुन्या चामडी चपलांत पाहिले.

भेरूजींचा उलगडा मामीसाहेबांनी चहा देताना केला. विलीनीकरणाच्या सुमारास शिकारखान्याचे शिपाई घरी गेले. आसपासच्या गावांतून लाकडासाठी गाड्या येऊ लागल्या. आप्पासाहेबांपाशी ना शिपाई, ना हुकूम. तेव्हा त्यांनी नदीतून गोटे आणले, शेंदूर आणि तेल आणले, आणि कोणी नसताना डोंग्यातून जाऊन एकेका झाडाच्या बेचक्यात बसवून आले. गाड्या परत गेल्या.

"मला म्हणाले, ही पाटी आहे, लाकूड तोडू नये म्हणून. फक्त वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी." मामीसाहेबांनी कपात साखर घातली. "मग आमच्या धाकट्याला ताप आला. उतरेचना. तेव्हा हेच गेले आणि स्वतः लावलेल्या शेंदरापुढं स्वतःच नारळ फोडला. पोरगा उठला. आता यांनाच समजत नाही, ती पाटी आहे का देव. मला काय विचारता? मी दोन्हींना नमस्कार करते."

तोडणी

वसंतला या थंडीपुरती एक पट्टा तोडायची परवानगी मिळाली होती. ती मिळवायला त्याने वर बरीच भांडणे केली होती. काम पाणी असेपर्यंतच व्हायला हवे, कारण तोडलेले लाकूड पाण्यावरून तरंगत बाहेर काढता येते. पाणी उतरल्यावर बैलगाड्या आत नेल्या तर चिखल दाबला जातो आणि बुंध्यांना फुटवे येत नाहीत. पुढल्या थंडीची वाट बघणे शक्य नव्हते. पावसाळ्यात घरटी दिसली नाहीत तर पुढली थंडी या रानाच्या वाट्याला येणारच नव्हती.

सकाळी नानूराम माणसे घेऊन आला. कुऱ्हाडी होत्या, दोर होते. वसंतने तोडायच्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढून ठेवले होते. माणसे काठावर बसली आणि त्यांनी बिड्या पेटवल्या.

"चला," वसंत म्हणाला.

"पेड़ काटेंगे साब," नानूराम म्हणाला. "भेरूजी को नहीं काटेंगे."

वसंतने समजावले, मग आवाज चढवला. दुसऱ्या गावची माणसे आणीन, असेही सांगितले. नानूरामने शांतपणे उत्तर दिले, की दुसऱ्या गावातही भेरूजी आहेत.

तेव्हा आप्पासाहेब चौकीच्या पायऱ्या उतरून आले. त्यांनी काय ठरवले होते ते कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी माणसांसमोर उभे राहून हिंदीत सांगितले, की हे सगळे गोटे मी नदीतून आणले, शेंदूर मी लावला, झाडे वाचावीत म्हणून लावला, त्यात भेरूजींचा काही संबंध नाही. गावात ज्यांचा शब्द चालतो असा तो माणूस आपण सर्वांना फसवले असे कबूल करत होता.

माणसांनी एकमेकांकडे पाहिले. मग एक जण हसला, आणि मग सगळेच.

"यो तो सबके मालम हे, दारोगाजी," नानूराम म्हणाला. "लगाया तो आपने ही. म्हारे सामने तेल का डिब्बा ले के गए थे."

"मग?" हा प्रश्न मीच विचारला. मला राहवले नाही.

"मग क्या भिया? पत्थर कोई भी लावे. बैठे तो भेरूजी ना." आणि मग आप्पासाहेबांकडे वळून, "जो बिठावे, वोई उठावे. आप उठा लो, हम काट देंगे."

नियम सोपा होता. ज्याने देव बसवला त्यानेच तो उचलायचा, डोक्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या, न तुटणाऱ्या झाडावर बसवायचा. वसंतचा चेहरा उजळला. आप्पासाहेबांनी मान हलवली.

"मी नाही उठवणार."

"पण मामासाहेब, आत्ताच तर म्हणालात, तिथं काही नाही!"

"म्हणालो."

"मग?"

"म्हणालो ते यांच्यासाठी. माझ्यासाठी नाही."

त्या दिवशी एकही कुऱ्हाड उचलली गेली नाही. संध्याकाळी जेवताना मामा-भाचे पुन्हा भांडले. या वेळी मी वही काढली नाही.

"पाखरं नाही आली तर बांध फुटणार," वसंत म्हणाला. "मग तुमचे भेरूजी गव्हात उभे राहणार का?"

"आणि तोडूनही पाखरं नाही आली तर?"

वसंतने ताट बाजूला सारले.

"तुझ्या किताबात काय लिहिलंय?"

"किताबातली जंगलं वेगळी आहेत, मामासाहेब. तिकडं थंडीत बर्फ पडते. ओल्या रानात पट्टे तोडा एवढं लिहिलंय. इथली पाखरं ते वाचून येतील का नाही, मला काय ठाऊक?"

"तुझे आजोबा तोडायचे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं," आप्पासाहेब म्हणाले. "त्यांना फक्त नाव न्यायची होती."

दुसऱ्या दिवशी

सकाळी आप्पासाहेब अंघोळ करून, कोट न घालता, खांद्यावर लाल कापड टाकून बाहेर आले. काठावरून ते सरळ पाण्यात उतरले. थंडी अशी होती, की काठावरच्या माणसांनी शेकोटी सोडली नव्हती. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आले. चुन्याच्या पहिल्या पट्ट्यापाशी त्यांनी हात जोडले, बेचक्यातला गोटा उचलला, कापडात घेतला, डोक्यावर ठेवला आणि चालत जाऊन एका जुन्या अर्जुनवृक्षाच्या फांदीत बसवला. नानूरामने नारळ फोडला. त्याची माणसे डोंग्यांतून पुढे झाली आणि कुऱ्हाडी चालू लागल्या.

असे दोनदा, तीनदा झाले. बाभळी पाण्यात आडव्या पडल्या. आणि तिथे ऊन आले. काळ्या पाण्यावर एक लांबट पिवळा तुकडा पडला आणि त्यात तळाची पाने दिसू लागली. मी आणि वसंत डोंग्यात होतो. वसंत काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात वरून आवाज आला. रातबगळे उठले होते.

ते सगळेच्या सगळे उठले. एवढे असतील असे वाटले नव्हते. घोगरे ओरडत त्यांनी रानावर एक फेरी घेतली, मग दुसरी, आणि उन्हाने गोंधळल्यासारखे होऊन पश्चिमेकडे गेले. बांधापलीकडे ते ठिपके झाले, आणि मग तेही दिसेनात. रानात जी काही पाखरे उरली होती ती तेवढीच होती.

कुऱ्हाडी थांबल्या. कोणी बिडीही काढली नाही.

"थांबा," वसंत म्हणाला. खरे तर सगळे आधीच थांबले होते. "थांबा जरा. आज इतकंच. मी… मी वर लिहून विचारतो."

आप्पासाहेब पाण्यात उभे होते. ते पाखरे गेली त्या दिशेला पाहत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही ठरवण्याचा प्रयत्न केला. समाधान नव्हते. राग नव्हता. ‘मी म्हटले नव्हते का’ असे भाच्याला सुनावणारेही त्यात काही नव्हते. ते पुढच्या चुन्याच्या पट्ट्यापाशी गेले.

"मामासाहेब, राहू द्या," वसंत म्हणाला. "गेली ना सगळी. तुमचंच बरोबर असेल."

"माझं काय बरोबर आहे ते मला सांगू नकोस," आप्पासाहेब म्हणाले. "मी राखलं तेव्हा ती गेली. तू तोडलं तेव्हा ही गेली. तिसरं काही असेल तर सांग, नाहीतर काम कर. अर्धा उठवलेला देव कोणाचाच राहत नाही."

त्यांनी हात वर केला. या झाडाचे बेचके उंच होते. बोटे गोट्याला लागत होती, पण तो उचलला जात नव्हता. पुन्हा टाचा उंचावून पाहिले. पाणी त्यांच्या कमरेखाली उतरले आणि पुन्हा चढले. नानूराम डोंगा पुढे घेऊ लागला, पण आप्पासाहेबांनी त्याला हातानेच थांबवले.

"तुझा हात पोचेल, वसंता. तू घरचाच आहेस."

वसंत उठला, तसा डोंगा हलला. या सगळ्यावर त्याचा विश्वास नव्हता, हे त्याने मला आल्या दिवसापासून निरनिराळ्या प्रकारे सांगितले होते. त्याने एकदा पश्चिमेकडे पाहिले. मग डोक्यावरची सरकारी टोपी काढून माझ्याकडे दिली आणि तो पाण्यात उतरला.